ताटावरून उठवायचं नाही

मी माझ्या सुनेबद्दल चांगलं बोलायला लागले की आमच्या सोसायटीतल्या बायका एकमेकींकडे बघतात. बघू देत! सासूनं सुनेची गाऱ्हाणीच सांगावीत असा काही सरकारी नियम निघालेला नाही, आणि निघाला असता तरी मी पाळला नसता. टेलिफोन खात्यात जन्म गेला माझा, साहेबांना तोंडावर उत्तरं दिली आहेत. तेव्हा सुलेखाची गोष्ट मी सांगणार, आणि मध्ये कुणी चहा आणला तर तो पिऊन पुढे सांगणार.

सुलेखा आमच्या मयुरेशची बायको. दोघंही इंजिनिअर, पण जर्मनीत एर्लांगेनला नोकरी लागली ती मयुरेशला. ही त्याच्या मागून गेली, भाषा शिकली, लेक उर्जा झाली, आणि एक दिवस मला फोनवर म्हणते, "आई, मी टागेसमुटरचं लायसन्स घेतलंय." हे काय नवीन, म्हटलं. तर दुसऱ्यांची मुलं दिवसभर आपल्या घरी सांभाळायची! मी कपाळाला हात लावला. एवढं शिकून पाळणाघर? मग तिनं समजावलं की तिकडे यालाही शिक्षण घ्यावं लागतं, मुलांचं सरकारी खातं घर तपासून जातं, खिडक्यांच्या कड्यासुद्धा बघतात. मी "बरं" म्हटलं, पण ते बरं किती बरं असतं ते सगळ्या सुनांना कळतं.

पहिल्यांदा मी तिकडे गेले ती २००४ च्या दिवाळीत. घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि माझ्या बॅगेत भाजणी, मेतकूट, गोडा मसाला. पहिल्या वळणावरच मयुरेशची कंबर धरली. तेवढ्यात पहिल्या मजल्याचं दार उघडलं, एक उंच, पिंगट दाढीचा माणूस बाहेर आला, हसून बॅग उचलली आणि थेट आमच्या दारात नेऊन ठेवली. हा रायनर. किचन विकायच्या दुकानात सेल्समन होता. तिकडे भाड्याच्या घरात ओटा, कपाटं, सिंक काही मिळत नाही, सगळं आपण आणून बसवायचं आणि घर सोडताना काढून न्यायचं. त्यामुळे याचा धंदा जोरात. जन्मानं जर्मन ख्रिश्चन, पण सेवगी नावाच्या तुर्की मुलीशी लग्न केलं आणि मुसलमान झाला. त्यांची एलिफ तेव्हा तीन वर्षांची होती. सेवगी दातांच्या दवाखान्यात कामाला जायची आणि एलिफ सुलेखाकडे असायची.

त्या दिवाळीला सुलेखानं बिल्डिंगमध्ये सगळ्यांना फराळाची ताटं पाठवली. जर्मन शेजाऱ्यांची ताटं घासूनपुसून, चकचकीत रिकामी परत आली. मला बाई अंगावर काटा आला. आपल्याकडे चिमूटभर साखर तरी घालून देतात. एकट्या सेवगीचं ताट भरलेलं आलं, गव्हाची खीर होती, त्यात सुकामेवा आणि डाळिंबाचे दाणे. "आमच्याकडे रिकामं भांडं परत करत नाहीत," ती म्हणाली. मी म्हटलं, ही आपल्यातली! तेव्हापासून त्या दोघींची भांडी जिन्यातून वरखाली भरलेलीच फिरत राहिली.

दुसऱ्यांदा गेले २००६ ला, तेव्हा बॅग मयुरेशनंच चढवली. रायनर जिन्यात भेटला, पण त्यानं मान खाली घातली आणि भिंतीला चिकटून निघून गेला. मी म्हटलं, अगं, याला झालं काय? सुलेखा म्हणाली, "आई, आता तो परक्या बायकांकडे बघत नाही. हातही मिळवत नाही. आणि आता तो रायनर नाही, अबू इद्रिस आहे."

झालं होतं असं. गावातल्या तुर्की मशिदीचे इमाम, त्यांना सगळे होजा म्हणतात, साधा सज्जन माणूस. रायनरनं त्यांच्याशी वाद घालायला सुरुवात केली. तुम्ही मिळमिळीत आहात, तिकडे आपली माणसं मरताहेत आणि तुम्ही इथं चहा पिताय, असलं काहीतरी. होजांनी ऐकून घेतलं, समजावलं, आणि शेवटी पोरांचे कान फुंकायला लागला तेव्हा सरळ दार दाखवलं. त्यानं गावाबाहेर टायरचं एक बंद पडलेलं गोदाम घेतलं आणि तिथं स्वतःची गादी मांडली. आणि पोरं गेली की हो! तुर्की गेली, अरब गेली, दोन-तीन अस्सल जर्मन गेली. मी सुलेखाला विचारलं, याच्यात असं काय आहे? ती म्हणाली, "आई, तो सेल्समन आहे. समोरच्याला काय हवंय ते त्याला आधी कळतं. त्या पोरांना कुणीतरी हवं होतं, तुझ्यावाचून अडलंय म्हणणारं."

त्याच्या भाषणांच्या फिती इंटरनेटवर फिरायला लागल्या. लांबलांबच्या गावांहून माणसं भेटायला येत, अमीर म्हणत त्याला, म्हणजे नायक. जिन्यात दबून उभी राहत, त्यानं खांद्यावर हात ठेवला की डोळे भरून यायचे त्यांचे. मी खिडकीतून बघायचे. आपल्या तालुक्याच्या पुढाऱ्याभोवती असतात तशीच, अगदी तश्शीच. आणि बिल्डिंगमधल्या जर्मनांची तक्रार काय? तळमजल्याच्या केसलरबाई म्हणाल्या, यांच्या गाड्या आमच्या जागेत लागतात! मी हसून हसून बेजार झाले. तेव्हा हसू येत होतं.

सेवगीची नोकरी त्यानं बंद केली. तिचे मोकळे केस, गुलाबी कोट, सगळं गेलं, काळ्या कपड्यात दिसायची. मूर्तिपूजकांच्या घरी मुलगी नको म्हणून एलिफलाही तो काढणार होता. तेव्हा मात्र सेवगी अडून बसली. दुसरीकडे कुठे घातली तर डुकराचं मांस पोटात जाईल, सुलेखाकडे अंडंसुद्धा शिजत नाही, म्हणाली. हे त्याला पटलं. आमच्या वरण-भातानं ती पोर आमच्याकडे राहिली. माझ्याकडून मेतकूट-भात खायला शिकली. मराठी तिला उर्जापेक्षा जास्त समजायचं, आमची कार्टी तर मी मराठीत विचारलं की जर्मनमध्ये उत्तर द्यायची.

तिसरी फेरी २००८ च्या वसंतातली. तोवर त्याच्याकडची दोन पोरं पाकिस्तानच्या सरहद्दीवर लढायला जाऊन मेली होती. पेपरात त्यांचे फोटो आले, त्याचाही आला. पोलिसांची चौकशी चालू होती, कोपऱ्यावर त्यांची एक करडी गाडी कायम उभी असायची. मी पोचून आठवडा झाला नसेल, एका सकाळी जिन्यात किंकाळी ऐकू आली. मेलेल्या पोरांपैकी एकाची आई आली होती. रायनरच्या दारावर दोन्ही हातांनी बडवत होती. ती बाई काय म्हणतेय ते सुलेखा कठड्याला धरून मला शब्द न् शब्द सांगत होती. "एवढी चांगली जागा आहे ना ती? मग तू का इथं आहेस? तुझी मुलगी शाळेत जाते. माझा मुलगा कुठंय?"

दार उघडलं नाही. पण त्याची चार पोरं जिन्यातच उभी होती आणि त्यांनी सगळं ऐकलं. मला त्यांचे चेहरे दिसले. प्रश्न त्यांच्या मनात आधीपासून असणार, बाईनं तो मोठ्यानं विचारला इतकंच. ज्या दारासमोर ती पोरं माना झुकवून थांबायची, त्या दाराकडे आता ती टक लावून बघत होती. दुसऱ्यांच्या मुलांना पाठवणारा आपण का जात नाही, यावर त्या माणसाकडे एकच उत्तर उरलं, आणि ते फार भयंकर होतं.

त्याच आठवड्यात आमचा डबा खालून रिकामा परत आला.

सुलेखानं गुळपोळ्या पाठवल्या होत्या. डबा धुतलेला, कोरडा, झाकण लावलेलं, आत काही नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, झालं! नवऱ्याच्या वळणावर गेली ही पण. तोडायचं तर तोंडानं सांग ना, भांड्यानं कसलं सांगतेस? आता आपल्याकडून काहीएक जाणार नाही. सुलेखा डब्याकडे बघत उभी होती. म्हणाली, "नाही आई. सेवगी असं करणार नाही. तिच्याकडे घालायला काही नसणार." आणि चप्पल घालून खाली गेली.

परत आली ती पांढरीफटक. खाली किचनच नव्हतं. कपाटं, ओटा, सिंक, सगळं विकलेलं, भिंतीवर नळाचे नुसते पाइप. किचन विकणाऱ्याच्या घरात! साखरेचा दाणा नव्हता. सेवगी खोक्यांमध्ये बसली होती. सुट्टीला तुर्कस्तानला जायचं असं जगाला सांगायचं, तिथून पुढे इराण, आणि मग त्या सरहद्दीच्या छावणीत कायमचं. तिघांनी. शुक्रवारचं विमान. अमीर सहकुटुंब निघाला म्हटल्यावर पोरांची तोंडं बंद होणार होती. पासपोर्ट त्याच्या खिशात. सेवगी सुलेखाला म्हणाली, "मी पोलिसांत गेले तर एलिफचे बाबा तुरुंगात जातील. नाही गेले तर एलिफ तिकडे जाईल."

सुलेखानं तिला काय करायचं ते सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, "तू ठरव. तू काहीही ठरवलंस तरी एलिफ माझ्याकडून फक्त तुझ्या हातात जाईल."

शुक्रवारी सकाळी सेवगी होजांच्या बायकोला बरोबर घेऊन त्या मुलांच्या सरकारी खात्यात गेली. शाळा सुटल्यावर सुलेखा दोन्ही मुलींना घेऊन आली, मी पानं वाढली. आमटी, भात, बटाट्याची काचऱ्या करून भाजी. पहिला घास तोंडात जातोय तोच बेल वाजली. दारात अबू इद्रिस. मागे जिन्यात त्याची दोन पोरं.

"एलिफला न्यायला आलोय," तो म्हणाला. एवढं जर्मन मलाही कळलं.

आता आमची सुलेखा म्हणजे फुंकर मारली तर उडेल अशी. तो दाराएवढा. ती बोळकंडीच्या मधोमध उभी राहिली आणि म्हणाली, "जेवतेय ती. आमच्यात जेवणाऱ्याला ताटावरून उठवत नाहीत. या, बसा."

तो आत आला. बूट काढले, सवयच. पण पुढे येईना. बोळकंडी अरुंद, मध्ये सुलेखा, तिच्या मागे मी, हातात भाताचं पातेलं. पुढे यायचं तर आम्हाला हातानं बाजूला करायला हवं होतं. आणि मागे दारात त्याचीच पोरं बघत होती, ज्यांना त्यानं वर्षानुवर्षं शिकवलं होतं की परक्या बाईला स्पर्श करायचा नाही, तिच्याकडे बघायचंही नाही. तो मोज्यांवर उभा राहिला, जमिनीकडे बघत. देवाशपथ सांगते, त्यानं एकदा जरी मान वर केली असती ना, तर समोर नुसत्या दोन बायका आणि एक भाताचं पातेलं आहे, एवढंच त्याला दिसलं असतं.

"आई," सुलेखा मराठीत म्हणाली, अगदी लोणचं मागावं तशा आवाजात, "आतल्या खोलीतून मयुरेशला फोन करा. म्हणावं करड्या गाडीवाल्यांना कळव, तो इथं आलाय. आणि येताना तूप आणा."

मी आत गेले. फोन लावला. तर आमचे चिरंजीव म्हणतात, "आई, मीटिंगमध्ये आहे." मी म्हटलं, मेल्या, तुझी मीटिंग घाल चुलीत! सांगितलं काय ते. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. मग तूप घेऊन बाहेर आले आणि बोळकंडीच्या तोंडाशी सुलेखाच्या जागी उभी राहिले.

आणि सुलेखा वाढायला लागली. एवढासा भात घे. आता भाजी घे. थोडं ताक? आपल्याकडे पाहुण्याला आग्रह करतात ना, तो सगळा आग्रह त्या सात वर्षांच्या पोरीच्या ताटात पडत होता. एलिफ बिचारी "बस" म्हणायची, मराठीत, आमच्याकडून शिकलेली, आणि सुलेखा म्हणायची, "एक घास फक्त." बोळकंडीतून बाप म्हणाला, "लवकर." सुलेखा म्हणाली, "हो, हो, झालंच." शांत आवाज. मी तिच्या पाठीकडे बघत होते, ब्लाऊज घामानं चिकटला होता.

दारातल्या पोरांपैकी एकानं काहीतरी विचारलं. तो वळून काही बोलला, पण त्याच्या आवाजात पूर्वीचा दम नव्हता. ते पोरगं त्याच्या मोज्यांकडे बघत होतं. एका मोज्याला अंगठ्याशी भोक होतं. पोरगं दुसऱ्याशी कुजबुजलं आणि दोघं जिना उतरून गेली. खाली गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. त्यानं तो ओळखला असणार. तरीही हलला नाही.

पोलीस आले, साध्या कपड्यातले. आरडाओरडा नाही, काही नाही. त्यांच्यामागे सेवगी, डोक्यावरचा रुमाल खांद्यावर पडलेला. त्यानं तिच्याकडे बघितलं, मग एलिफकडे. एलिफच्या हातात घास होता. त्यानं बूट घालायला वेळ मागितला, त्यांनी दिला. लेस बांधायला खूप वेळ लागला त्याला.

खटला पुढच्या वर्षी चालला, तेव्हा मी पुण्यात होते, पण मयुरेशनं सगळं फोनवर सांगितलं. पोरांना मरायला पाठवल्याचा आरोप. सुलेखाची साक्ष झाली. त्याच्या वकिलानं विचारलं, माझ्या अशिलाला तुम्ही दोन बायकांनी अडवून ठेवलंत? ही म्हणाली, "मी मुलीला जेवायला वाढत होते." कोर्टात हशा पिकला. त्याची जी काही पोरं मागच्या बाकावर येऊन बसत होती, तीही हसली. मयुरेश म्हणाला, शिक्षा ऐकताना त्याचा चेहरा बदलला नाही, त्या हसण्यानं बदलला. सुलेखा मात्र हसली नाही. बाहेर आल्यावर म्हणाली, "तो एलिफचा बाबा आहे."

पण मला सांगायचं आहे ते त्या शुक्रवारनंतरचं. सोमवारी सेवगीनं एलिफला परत आमच्याकडे सोडलं. ताट समोर ठेवलं तर पोर हात लावीना. मंगळवारीही नाही. मी मेतकूट-भात कालवून दिला, तोही नाही. शेवटी उर्जा माझ्या कानाशी आली आणि चक्क मराठीत म्हणाली, "आजी, एलिफ म्हणते, ती भरभर जेवली असती तर तिचे पप्पा निघून गेले असते. तिच्यामुळे पकडलं."

मी तशीच उठले. सुलेखाला सांगितलं. सेवगी न्यायला आली होती, ती रडायला लागली, म्हणाली, सांगूया ना तिला की पोलीस आपले आपणच आले. सोपं होतं. मीसुद्धा तेच म्हटलं असतं. लहान लेकरू, खपून गेलं असतं.

सुलेखा एलिफसमोर जमिनीवर बसली. म्हणाली, "तू कितीही भरभर जेवली असतीस ना, तरी मी वाढतच राहिले असते. तू बस म्हणत होतीस, मी ऐकलं नाही. तुझ्या पप्पांना मी अडवलं. पोलिसांना मी बोलवायला सांगितलं. तुझं त्यात काहीही नाही. राग आला असेल तर माझ्यावर काढ."

आणि पोरीनं काढला. दोन्ही मुठींनी तिच्या छातीवर, खांद्यावर, तोंडावर. चष्मा उडाला. मी पुढे झाले तर सुलेखा म्हणाली, "आई, राहू द्या." बसून राहिली, हातसुद्धा आडवा धरला नाही. पोर दमली, आईचा हात धरून निघून गेली, आणि नंतर येईनाशी झाली. सुलेखाच्या डोळ्याखाली निळं झालं होतं. बाजारात केसलरबाईंनी विचारलं तर म्हणाली, दार लागलं. मी त्या दिवशी स्वतःशीच म्हटलं, प्रभाबाई, इंजिनिअर मुलीनं पाळणाघर काढलं म्हणून नाक मुरडत होतात ना!

माझी परतीची वेळ आली. बॅग भरत होते. दुपारी बेल वाजली. दारात एलिफ, एकटीच, दप्तर पाठीवर, तोंड फुगलेलं. कुणाशी बोलली नाही. बूट काढले, हात धुतले, आपल्या खुर्चीवर जाऊन बसली. सुलेखानं ताट मांडलं आणि भाताचा डाव उचलला.

"मी बस म्हटलं की थांबायचं," एलिफ म्हणाली.

"गेनाऊ, अगदी बरोबर," सुलेखा म्हणाली.

एक डाव पडला. एवढासा, चिमणीचा. एलिफ म्हणाली, "बस."

आमच्या घराण्यात पहिल्या बसला आजवर कुणी थांबलेलं नाही. मी नाही, माझ्या सासूबाई नाहीत. सुलेखानं डाव पातेल्यात परत ठेवला आणि हात मांडीवर ठेवून बसली. एलिफ तिच्याकडे बघत राहिली, खरंच थांबली का ते बघत. मग तिनं एक घास खाल्ला, आणखी एक खाल्ला, आणि ताट पुढे सरकवलं, "अजून."